शिधा वाटायला गेलो तेव्हा

मंगळवार, रात्र. बकाऊ जिल्हा, रोमानिया.

आमच्या श्टुटगार्टच्या मंडळीची सेवाफेरी दर उन्हाळ्यात ज्या वस्तीत जाते, ती कागदोपत्री गावाच्या हद्दीत असली तरी गावाची नाही. डांबरी रस्ता शाळेपुढच्या चौकात संपतो, तिथून ओढ्याकडे गाडीवाट उतरते आणि ओढ्यापलीकडे रोमा लोकांची, म्हणजे ज्यांना बाहेरचे लोक जिप्सी म्हणतात त्यांची, घरे सुरू होतात. नळाचे पाणीही त्या चौकापर्यंतच पोचले आहे. गटातल्या जर्मन मंडळींना या रचनेचे आश्चर्य वाटत होते. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या ज्या गावात वाढले, तिथला महारवाडा मला ठाऊक असल्यामुळे मला ते वाटले नाही.

इथले पाळक स्वतः रोमा आहेत आणि मंडळी पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाची आहे. फ्रान्समध्ये १९५०च्या दशकात रोमा लोकांत जे संजीवन, म्हणजे धर्मजागृतीची लाट, सुरू झाले, ते पुढे युरोपभर पसरले, आणि आज अनेक देशांत रोमांच्या मंडळ्यांना त्यांचेच पाळक आहेत. म्हणजे आम्ही सुवार्ता घेऊन इथे येतो असे मानणे हा आमचाच गैरसमज ठरतो. पाळकसाहेबांनी सकाळी "पाचे", म्हणजे शांती, असे म्हणून सर्वांशी हस्तांदोलन केले आणि लगेच नियम सांगितले. रांग लावायची नाही, चौकात वाटप करायचे नाही, दोघादोघांनी पिशवी घेऊन दारात जायचे, आत बोलावले तर बसायचे आणि छायाचित्र काढायचे नाही. देणगीदारांना मग काय दाखवायचे, असे आमच्यातल्या एका तरुणाने विचारल्यावर त्यांनी शांतपणे "पावत्या दाखवा" असे उत्तर दिले. १९७२च्या दुष्काळात माझी आई मिशनच्या आवारात दूध पावडरच्या रांगेत उभी राहत असे. त्या दुधाची चव ती अजूनही सांगते, रांगेविषयी मात्र कधी बोलत नाही.

पिशवीत गव्हाचे पीठ, मक्याचे पीठ, तेल, साखर, तांदूळ आणि साबण असा शिधा होता, आणि तो उपयोगाचा होता. कपड्यांच्या गाठोड्यांबद्दल मला तसे म्हणता येणार नाही. ऐन उन्हाळ्यात लोकरीचे कोट आणि चिखलाच्या वाटेवर उंच टाचांचे बूट आणून आम्ही आमची कपाटे तेवढी रिकामी केली.

माझे काम आरोग्य मध्यस्थ बाईंबरोबर होते. रोमा वस्तीतलीच स्त्री निवडून तिला वस्ती आणि दवाखाना यांच्यामध्ये नेमण्याची ही पद्धत रोमानियाने २००२ मध्ये अधिकृत केली; आपल्याकडची आशाताई ज्याने पाहिली असेल, त्याला या बाईंचे दिवसभराचे चालणे, बोलणे आणि रागावणे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मी परिचारिका असले तरी या देशात औषध देण्याचा परवाना मला नाही, त्यामुळे रक्तदाब मोजणे, बोटातून रक्त घेऊन साखर पाहणे आणि आकडे चिठ्ठीवर लिहून बाईंच्या हाती देणे एवढीच माझी मर्यादा होती. युरोपीय संघात क्षयरोगाचे प्रमाण रोमानियात सर्वाधिक आहे, म्हणून लांबलेला खोकला दिसला की बाई घरातल्या प्रत्येकाचे नाव वहीत उतरवून घेत होत्या. एका घरात त्यांनी औषध अर्ध्यावर सोडलेल्या तरुणाला असे काही सुनावले की भाषा न कळताही मी मान खाली घातली.

दुपारी ज्या आजींकडे गेलो, त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहिते. घर कच्च्या विटांचे, दोन खोल्यांचे, आतून निळ्या चुन्याने सारवल्यासारखे नीट रंगवलेले. अंगणात त्यांचा नातू विटा पाडत होता: माती, पाणी आणि गव्हाचा पेंढा पायांनी तुडवून तो चिखल लाकडी साच्यात दाबायचा, ओल्या हाताने वरून सपाट करायचा आणि साचा अलगद वर उचलायचा. आजींनी आम्हाला बसवले आणि पितळी भांड्यात कॉफी उकळायला ठेवली. मध्यस्थ बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "नाही म्हणू नका." ते सांगण्याची गरज नव्हती. आजोबांच्या पिढीत आमच्या घरचे पाणी वाड्यावरचा माणूस घेत नसे, आणि आमच्या दारात बसून चहा प्यायलेल्या मिशनरी मडमेची गोष्ट घरात वर्षानुवर्षे सांगितली जाई. तिने दिलेल्या वस्तूंची यादी कुणाच्याही लक्षात राहिली नव्हती. कॉफी कडक आणि फार गोड होती, तळाशी गाळ होता, आणि मी दुसरा पेलाही घेतला.

कप धुताना आजींनी भिंतीवरच्या दोन घमेल्यांपैकी एक उतरवले. एक भांड्यांचे, दुसरे कपड्यांचे. एकाचे काम दुसऱ्यात करायचे नाही, आणि कमरेवरचे व कमरेखालचे कपडेही एकत्र भिजवायचे नाहीत. जुन्या वळणाच्या अनेक रोमा घरांत हे सोवळे कसोशीने पाळले जाते. आमच्या गाडीत येताना त्यांच्या अस्वच्छतेविषयी जे बोलणे झाले होते, ते बोलणाऱ्यांना घरी नळ आहे एवढाच काय तो फरक.

आजींचा मुलगा जर्मनीत शतावरीच्या शेतांवर हंगामी कामाला जातो, त्यामुळे त्याच्या मोडक्या जर्मनमधून आमचे बोलणे चालले. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले आणि ही पाहुणी भारताचीच आहे, हे आमच्या गटप्रमुखांनी मोठ्या कौतुकाने आजींना सांगितले. आजींनी ते ऐकून घेतले आणि मला मुले किती आहेत, असे विचारले. एकच, म्हटल्यावर त्यांना माझी फार कीव आली.

स्वतःहून त्यांनी सांगितले ते वेगळेच होते. त्यांच्या वडिलांना लहानपणी कुटुंबासह "बुगला नेले" होते. १९४२ मध्ये रोमानियाचा युद्धकाळातला हुकूमशहा आंतोनेस्कू याच्या राजवटीने सुमारे २५,००० रोमांना बुग नदीकाठी, तेव्हा रोमानियाच्या ताब्यात असलेल्या ट्रान्सनिस्ट्रिया प्रदेशात हाकलले, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे उपासमार, थंडी आणि टायफसने मेले. त्याआधीचा इतिहास तर आम्हा ख्रिस्ती लोकांना अधिकच अडचणीचा आहे. मोल्डाव्हिया आणि वालाकिया या ज्या दोन संस्थानांतून पुढे रोमानिया घडला, तिथे रोमा चौदाव्या शतकापासून गुलाम होते, आणि राजा व सरदार यांच्याप्रमाणेच मठही त्यांचे मालक होते. मोल्डाव्हियातल्या मठांचे गुलाम १८४४ मध्ये आणि सरदारांचे १८५५ मध्ये सुटले, वालाकियातले शेवटचे १८५६ मध्ये. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये रोमानियातल्या ब्लाज येथे रोमांची क्षमा मागितली, तेव्हा ती मागायला उशीर झाला असे मला वाटले होते. आज आजींच्या ओसरीवर बसल्यावर ती मागितली गेली हे तरी बरे झाले, असे वाटते.

संध्याकाळी आढावा बैठकीत थोडा वाद झाला. पाळकसाहेबांनी हिशोब मांडला की वस्तीतल्या बऱ्याच घरांची नोंद नाही, नोंद नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, आणि त्यामुळे अनेकांना वर्षभरापुरते तात्पुरते ओळखपत्र मिळते, ज्याच्यावर नोकरी मिळवणे अवघड जाते. कपडे आणण्याच्या भाड्यात काही घरांच्या जागेची सरकारी मोजणी आणि नोटरीचा खर्च निघेल, असे त्यांचे म्हणणे होते. गटप्रमुखांचे उत्तर असे की लोक मुलांसाठी देतात, मोजणीसाठी देणार नाहीत. मी पाळकसाहेबांच्या बाजूने बोलले, कदाचित जरा जास्तच जोरात, आणि शेवटी कपड्यांच्या भाड्याचे पैसे पुढच्या वर्षी मोजणीला द्यावेत असा प्रस्ताव श्टुटगार्टच्या वडीलमंडळापुढे ठेवायचे ठरले. मसुदा मी करायचा आहे.

आजींचा रक्तदाब दोन्ही वेळा फार वर गेलेला होता. उद्या आठ वाजता मध्यस्थ बाई त्यांना घेऊन कुटुंब डॉक्टरांकडे जाणार आहेत. गाडी आमची, आणि चालवणार आहे तोच छायाचित्रांसाठी हटून बसलेला तरुण.