चित्रांच्या पुस्तकाचा पिक्चर

आज दुपारी कोथरूडला ताईकडे भाचीबरोबर मॉरिस सेंडॅकचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' वाचलं आणि मग लगेच त्यावरचा २००९ चा पिक्चर पण बघितला, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. पुस्तक १९६३ चं, सगळे मिळून साडेतीनशे शब्द पण नाहीत. सुरुवातीला चित्रं छोटी, कडेने पांढरी जागा, मग त्यातल्या मॅक्स नावाच्या मुलाच्या खोलीत झाडं उगवतात तशी चित्रं वाढत वाढत जातात आणि मॅक्स आणि राक्षसांच्या धिंगाण्याच्या पानांवर तर एक अक्षर नाही, भाची तिथे बोट फिरवत स्वतःच ओरडत होती!! दीड तासाहून मोठ्या पिक्चरला एवढ्यावर कसं भागणार, म्हणून मग राक्षसांना नावं, रुसवे-फुगवे, भांडणं द्यावी लागली. मला मनापासून आवडला, उदास आहे पण खरा वाटतो. 'श्रेक'मध्ये १९९० च्या पुस्तकातून मूळ कल्पना घेतली न् बाकी बरंच नवीन, तेही चालतंय की. नुसता वेळ भरायला पाठलाग कोंबतात ना, ते नको वाटतं. माधुरी पुरंदरेंच्या 'राधाचं घर'वर कुणीतरी पिक्चर करा ना प्लीज, त्यातली आजी मला मोठ्या पडद्यावर बघायचीये.