डोक्यावर ज्योत असलेला देव

भाची सुट्टीला आली की डिस्नेची 'हर्क्युलीस' ही १९९८ची कार्टून मालिका लावते. नाव हर्क्युलीसचं, पण आम्ही दोघं बसतो ते हेडीससाठी. पाताळाचा हा राजा डोक्यावर केसांऐवजी निळी ज्योत घेऊन फिरतो. चिडला की ती लाल होते. बोलणं प्लॉट गळ्यात मारायला आलेल्या एजंटासारखं: गोड, भरभर, समोरच्याला तोंड उघडू न देणारं. हाताखाली पेन आणि पॅनिक नावाचे दोन गणंग. एक काम धड करतील तर शपथ.

"देवांची असली टिंगल?" आई एकदा म्हणाली. म्हटलं, सुरुवात ग्रीकांनीच केलीय. होमरच्या 'इलियड' महाकाव्यात लंगडा लोहारदेव हेफिस्टस लगबगीनं मद्य वाढत फिरतो आणि सगळे देव हसत सुटतात. ॲरिस्टोफेनिसच्या 'बेडूक' नाटकात (इ.स.पू. ४०५) तर डायोनिसस, म्हणजे ज्याच्या उत्सवात ते नाटक चाललंय तोच देव, हर्क्युलीसचं सोंग घेऊन पाताळात जातो, भीतीनं कपडे खराब करतो, वर फटके खातो. नाटकाला पहिलं बक्षीस! गवळणीत मावशी कृष्णाला सुनावते तेव्हा आपण तरी कुठे कानांवर हात ठेवतो?

हेडीसचं मात्र वेगळं. तीन भावांनी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली. झ्यूसला आकाश, पोसायडनला समुद्र, याच्या वाट्याला अंधार. डिमीटर देवीच्या लेकीला, पर्सिफनीला, बायको करायला पळवलं हा गुन्हा मोठाच, पण झ्यूसची लफडी मोजायला बसलं तर हा भाऊ सज्जनच म्हणायचा. बाळ हर्क्युलीसवर साप सोडले ते मूळ कथेत सावत्र आई हेरानं. डिस्नेनं तिला प्रेमळ सख्खी आई केलं आणि सापांचं पाप याच्या माथी मारलं.

ग्रीक लोक त्याचं नावसुद्धा घ्यायला कचरत; प्लूटॉन, म्हणजे धनवान, म्हणून वेळ मारून नेत. ग्रीसमधल्या एलिसचं त्याचं देऊळ वर्षातून एकदाच उघडे, असं पॉसानियस हा प्राचीन ग्रीक प्रवासी लिहितो. आपण रात्री सापाला लांबडं म्हणतो, नाव टाळण्याचा तशातलाच प्रकार. आणि नेमकं याच देवाला कार्टूनवाल्यांनी सगळ्यांत विनोदी करून टाकलं.

१९९७च्या मूळ चित्रपटात त्याची ज्योतच जाते आणि तो गोंधळून विचारतो, केस विझले की काय? भाची त्यावर दर वेळी लोळून हसते. परवा ओरडली, "आजी, बघ, विझला!"

आतून आई म्हणाली, "विझला म्हणू नये गं. शांत झाला म्हण."