गेलेली डी ड्राइव्ह परत आणली तो दिवस

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या कोल्हापुरातल्या रिपेअरच्या दुकानात एमएस्सीची एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली, "दादा, डी ड्राइव्ह गेली" एवढंच बोलली आणि रडायलाच लागली. डी मधे आंबोलीच्या बेडकांच्या आवाजाची रेकॉर्डिंग्ज होती, रात्री-अपरात्री पावसात उभं राहून केलेली, आणि दुसरी कॉपी कुठेच नाही.

झालं असं की तिला अ‍ॅनालिसिससाठी विंडोजसोबत उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) हवं होतं, म्हणून तिने ई ड्राइव्ह रिकामी केली आणि मित्राने पेनड्राइव्हवरून लिनक्स बूट करून जीपार्टेड, म्हणजे डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडायचं-काढायचं सॉफ्टवेअर, उघडलं. आता लिनक्सला सी, डी, ई ही अक्षरं माहीतच नसतात, तिथे दिसतं एसडीए 3, एसडीए 4, दोन्ही साधारण 180 जीबीच्या, त्याने नेमकी भरलेली उडवली आणि अप्लाय दाबलं. किती जागा वापरलीये ते शेजारच्याच कॉलममधे दिसतं हो, पण तिकडे बघतं कोण!

पण पोरीने एक काम फार शहाणपणाचं केलं. लगेच मशीन बंद केलं, फॉरमॅट नाही, नवीन पार्टिशन नाही, काहीच नाही. एमबीआर या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पार्टिशन टेबल, म्हणजे कुठला भाग कुठे आहे त्याची यादी, म्हणजे पहिल्या सेक्टरमधले फक्त 64 बाइट, एकेका पार्टिशनला 16. डिलीट केलं की तेवढी नोंद जाते, फायली आहेत तिथेच असतात. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेत कुठे जात नाही.

मी आधी डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, बाहेरच्या डिस्कवर घेतली, रात्रभर चालू ठेवलं, कारण मूळ डिस्कवर थेट प्रयोग करायचे नाहीत हा माझा नियम आहे. सकाळी तिला समोर बसवून इमेजवर टेस्टडिस्क, म्हणजे हरवलेली पार्टिशन शोधणारं सॉफ्टवेअर, चालवलं, अ‍ॅनालाइज, क्विक सर्च, एक एनटीएफएस (विंडोजच्या फॉरमॅटचं) पार्टिशन सापडलं, आतल्या फायली बघायला पी दाबलं आणि फोल्डरची नावं एकाखाली एक यायला लागली. तिने हेडफोन लावून एक फाईल ऐकली, "हा तोच" म्हणाली. आधी सगळं कॉपी करून घेतलं, मगच मूळ डिस्कवर टेबल राइट केलं, रिबूट, डी हजर.

मग ई काढून तिथे एक्स्टेंडेड पार्टिशन केलं, कारण एमबीआरमधे प्रायमरी चारच बसतात आणि चारही भरली होती, आणि त्यात उबुंटू टाकलं. दोन दिवसांनी फोन आला की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतंय. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवतं आणि विंडोज तीच लोकल वेळ समजतं, ते जुळवायची कमांड फोनवरच सांगितली.