मद्य उत्तेजक का नाही?

औषधशास्त्र शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. दोन पेले पोटात गेल्यावर एरवी अबोल असणारा माणूस मोकळा बोलू लागतो, मोठ्याने हसतो, प्रसंगी गातोही. मग मद्याची गणना अवसादक द्रव्यांत का करायची? प्रश्न रास्त आहे आणि माझ्या मते या विषयाला हात घालण्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही.

द्रव्य कोणत्या गटात बसते, हे ते मध्यवर्ती चेतासंस्थेचे कार्य वाढवते की मंदावते यावरून ठरते. माणूस बाहेरून कसा दिसतो, हा त्याचा निकष नाही. (अवसादक म्हणजे मन खिन्न करणारे औषध, असाही एक गैरसमज आढळतो, येथे अवसाद म्हणजे केवळ मंदावणे.) चेतापेशींना आवर घालणाऱ्या ‘गाबा’ या रासायनिक संदेशवाहकाचा प्रभाव मद्याने वाढतो आणि त्यांना चेतवणाऱ्या ग्लुटामेटला अटकाव होतो. मात्रा थोडी असते तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागातील, संकोच आणि संयम राखणारी यंत्रणा आधी ढिली पडते. आपल्याला जो उत्साह वाटतो, तो खरे तर सुटलेला लगाम असतो. मात्रा वाढत गेली की जीभ जड होते, तोल जातो, शुद्ध हरपते आणि अखेरीस श्वसनाचे केंद्रच मंद पडू शकते.

बार्बिट्युरेट आणि बेन्झोडायझेपिन या अवसादक औषधांचे कार्यही गाबाच्याच ग्राहीवर, म्हणजे चेतापेशीवर गाबा जिथे येऊन बसतो त्या रचनेवर, चालते, पण रीत वेगळी आहे. ग्राहीतील क्लोराइडची वाट उघडली की पेशी शांत होते. बेन्झोडायझेपिनमुळे ती अधिक वेळा उघडते, बार्बिट्युरेटमुळे ती उघडल्यावर अधिक काळ उघडी राहते. मोठ्या मात्रेत बार्बिट्युरेट गाबाशिवायही ती उघडू शकते, म्हणूनच त्याची अतिमात्रा अधिक घातक ठरते.

उत्तेजकांपैकी कोकेन हे डोपामिन आणि नॉरएड्रेनालिन या संदेशवाहकांचे पेशीत परत शोषले जाणे रोखते, तर अ‍ॅम्फेटामिन त्यांना पेशीतून बाहेरही काढते. नाडी, रक्तदाब आणि सावधपणा वाढतो, भूक मरते. कॅफिनची तऱ्हा मला विशेष रोचक वाटते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जाते आणि ते आपल्या ग्राहीवर बसले की पेंग येते. कॅफिन ती जागा अडवून बसते, पण अ‍ॅडेनोसिन कुठेही जात नाही. म्हणजे थकवा उरतोच, त्याचा निरोप तेवढा पोहोचत नाही.

त्यामुळे मद्यपानानंतर कॉफी घेऊन शुद्धीवर येता येते, ही समजूत मला धोकादायक वाटते. झोप उडते, पण रक्तातील मद्य यकृताच्याच गतीने उतरते. निर्णयशक्ती आणि हालचालींवरचा ताबा बिघडलेलाच राहतो, शिवाय तो बिघडला आहे ही जाणीव बोथट होते.

सुरुवातीच्या प्रश्नाचे सर्वांत ठोस उत्तर द्रव्य बंद केल्यावर मिळते, कारण तेव्हा त्याच्या परिणामाच्या उलट लक्षणे दिसतात. अ‍ॅम्फेटामिन सुटले की माणूस दिवसचे दिवस झोपतो, खूप खातो, उदास होतो. दीर्घकाळ भरपूर मद्य घेणाऱ्याचा मेंदू मात्र त्या सततच्या दडपणाला तोंड देण्यासाठी स्वतःची चेतना वाढवून बसलेला असतो. मद्य एकाएकी थांबले की हात थरथरू लागतात, झोप उडते, भास होतात, झटके येतात आणि प्राणही जाऊ शकतात. अशा रुग्णाला रुग्णालयात बहुधा बेन्झोडायझेपिन, म्हणजे दुसरे अवसादकच, देऊन त्याची मात्रा हळूहळू कमी करतात.