गर्दी पांगल्यावर डंपरखाली

गिट्टीने भरलेला दहाचाकी डंपर उड्डाणपुलाच्या उतारावर सुटला, खाली सिग्नलला उभ्या दुचाक्यांवर गेला आणि दुभाजकावर चढून थांबला. दोघं जागीच गेले. इंदुरात अपघातग्रस्त वाहनांची यांत्रिक तपासणी करणं हे माझं काम. कधी पोलिसांचं पत्र येतं, कधी विमा कंपनीचं. या वेळी पोलिसांनी बोलावलं होतं. मी पोचलो तोवर समोरची काच फुटलेली, केबिनमधली कागदांची पिशवी गायब, चालकाला रक्तबंबाळ करून झालेलं आणि चौकात चक्काजाम. फाशीच्या घोषणा चालू होत्या.

राग खोटा नव्हता. १५ सप्टेंबर २०२५ च्या संध्याकाळी विमानतळ रस्त्यावर कालानी नगरकडून बडा गणपतीपर्यंत गाड्या आणि माणसं चिरडत गेलेला ट्रक या शहराने पाहिलाय. चालक नशेत होता असं पोलिसांनी सांगितलं, आणि ट्रक नो-एन्ट्रीत शिरला होता. लोकांचा रोख बंदोबस्तावर गेला, काही पोलीस निलंबित झाले. त्या प्रकरणात ते बरोबरच होतं. पण प्रत्येक सुटलेल्या ट्रकमागे तेच कारण नसतं, आणि या डंपरच्या चालकाच्या रक्तात दारू निघाली नाही.

ठाण्यातले अधिकारी घाईत होते. “साहब, ब्रेक फेल लिख दीजिए, रास्ता खोलना है.” गर्दीही तेच म्हणत होती, चालकही तेच. या दोन शब्दांत सगळे कसे सामावतात ते मी वर्षानुवर्षं पाहतोय, आणि त्यांचा मला मनापासून राग आहे, कारण ते लिहिले की तपास तिथेच संपतो.

भारी ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये साधारण ८ बार दाबाने हवा भरतो. पेडल दाबलं की ती हवा चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते आणि दांडा बाहेर ढकलते. दांडा स्लॅक अॅडजस्टरला, म्हणजे ब्रेक कसायची सोय असलेल्या पट्टीला, फिरवतो, त्याने कॅम फिरतो आणि ब्रेकशू पसरून ड्रमला घासतात. मागच्या चेंबरांना आणखी एक डबा जोडलेला असतो. त्यात जबरदस्त ताकदीची स्प्रिंग हवेच्या दाबाने आवळून ठेवलेली असते. हँडब्रेक लावला किंवा हवा निघून गेली की ती स्प्रिंग मोकळी होते आणि चाकं धरते. म्हणून पाइप फुटून हवा संपली तर असा ट्रक सुटण्याऐवजी जाम व्हायला हवा. पाइप फुटला आणि ब्रेक गेला, ही गोष्ट छोट्या मोटारीच्या तेलाच्या ब्रेकची. डंपरच्या बाबतीत ती ऐकली की आधी मागचे डबे तपासायचे.

उतारावर ट्रक सुटतो तो बहुतेक वेळा वेगळ्याच रीतीने. शूवरचा घासणारा थर, म्हणजे लायनर, झिजत जातो, तसा दांड्याला जास्त लांब यावं लागतं. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या मागच्या मोठ्या चेंबरचा दांडा जास्तीत जास्त ६० मिलिमीटरच्या थोडा पुढे जाऊ शकतो. ५० च्या पुढे गेला की ब्रेक कसायला झाला असं समजायचं. आता हा ५५ वर काम करणारा ट्रक घ्या. सपाट रस्त्यावर, रिकामा, थंड ड्रमवर तो नीट थांबतो. चालकाला काही जाणवत नाही. तोच माल भरून उताराला लागला आणि पेडलवर पाय ठेवून खाली आला की ड्रम तापतो आणि फुगतो, शूपासून आणखी लांब जातो. दांडा चेंबरच्या टोकाला टेकतो. पेडल कितीही दाबा, पुढे जोरच उरत नाही. घाबरून पुन्हा पुन्हा पेडल मारलं की हवा भरभर उतरते. न्यूट्रलमध्ये गाडी सोडली असेल तर इंजिनची रोधशक्तीही मिळत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे चालक भरपूर आहेत, हेही लिहायला हवं.

हे सगळं डोळ्यांना दिसतं, पण ट्रक जसा थांबला तसा मिळाला तर. गिअर कुठे होता, हँडब्रेकची मूठ कुठे होती, दोन्ही टाक्यांचे काटे काय दाखवत होते, टायरच्या खुणा कुठून सुरू झाल्या, या चार गोष्टींचे फोटो कुणी पहिल्या दहा मिनिटांत काढले तर अर्धा तपास होतो. त्या रात्री केबिनमध्ये किती जण चढून गेले याचा पत्ता नव्हता. गिअर न्यूट्रलला होता, पण चालकाने केला की त्याला बाहेर ओढताना झाला, हे कुणीच सांगू शकलं नाही. मी अहवालात तसंच लिहिलं.

पुराव्यावर दुसरा घाव क्रेनवाल्यांचा. हवा गेल्याने जाम झालेली चाकं मोकळी करायला ते मागच्या डब्याचा बोल्ट पान्याने फिरवून स्प्रिंग आत आवळतात. त्यांचा दोष नाही, रस्ता मोकळा करा म्हणून वरून दबाव होता. पण गॅरेजमध्येही हाच उपाय वाईट हेतूने केला जातो. डबा गळतो, चाक धरून बसतं, सुटा भाग लगेच मिळत नाही. मग स्प्रिंग बांधून ट्रक कामाला लावतात. त्या चाकाला मग हवा गेल्यावर धरणारं काही राहत नाही. चार डब्यांपैकी दोन बांधलेले मिळाले. एका बोल्टच्या आट्यांवर पान्याची ताजी चकाकी होती. दुसऱ्यावर ग्रीस आणि गिट्टीच्या धुळीचा जाड थर वाळलेला, बोल्टचं डोकं गंजलेलं. तो त्या रात्री बांधलेला नव्हता. क्रेनवाल्याला विचारलं तर त्याने एकाच बोल्टला हात लावल्याचं सांगितलं, ते जुळलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या आवारात चाकांना लाकडी ठोकळे लावून बाहेरच्या कॉम्प्रेसरने टाक्या भरल्या. प्रत्येक दांड्यावर चेंबरच्या तोंडाशी खडूची रेघ, मग एकाने पेडल पूर्ण दाबून धरायचं आणि रेघ किती बाहेर आली ते मोजायचं. पुढचे दोन ठीक. मागच्या चारपैकी तीन ५० च्या पुढे, तेही ड्रम थंड असताना. चौथ्याचा दांडा बरोबर होता, पण ड्रम काढल्यावर लायनर ग्रीसने माखलेला. चाकाच्या मध्यातलं ग्रीस अडवणारं हबचं सील गेलेलं. म्हणजे माल ज्या चाकांवर होता, त्यांतलं एकही धड धरत नव्हतं. दोन ड्रमांवर तापल्याचे निळे डाग आणि बारीक भेगा होत्या. अशा भेगा एका उतारात पडत नाहीत.

वजनही काढलं. सांडलेली आणि उरलेली गिट्टी दुसऱ्या दोन गाड्यांत भरून धर्मकाट्यावर घातली. नोंदणीतलं रिकामं वजन मिळवून एकूण ३४ टनांच्या वर गेलं. तीन अॅक्सलच्या अशा गाडीला २०१८ पासून २८.५ टनांची मर्यादा आहे. ओव्हरलोडला २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, हे मालकांच्या हिशोबात आधीच धरलेलं असतं.

ब्रेक कसणं हे वीस मिनिटांचं काम आहे. चाक उचलायचं, स्लॅकचा नट चाक धरेपर्यंत फिरवायचा, मग साधारण अर्धा फेरा मागे घ्यायचा आणि दांडा मोजायचा. पूर्वी हे क्लीनर करायचा. पगार वाचवायला क्लीनर गेला, आणि ट्रकखाली शिरणारा माणूसच राहिला नाही. नव्या गाड्यांना आपोआप कसणारा अॅडजस्टर असतो. त्यालाही मिस्त्री पाना लावून कसत राहतात. तो स्वतः कसत नसेल तर एक तर तो गेलाय किंवा कॅमचे बुश झिजलेत, आणि पाना मारल्याने मूळ दोष फक्त झाकला जातो.

गेलेल्यांपैकी एकाचा धाकटा भाऊ आवारात उभा राहून सगळं पाहत होता. रामबागेतलं कुटुंब. ड्रम उतरवल्यावर त्याने विचारलं, “काका, ब्रेक लागलेच नाहीत का?”

म्हटलं, “लागले रे, पण जेवढे लागायला हवे तेवढे नाही. आणि ते काल बिघडलेले नाहीत. कित्येक महिन्यांचं आहे हे.”

“मग कोठडीत एकटा ड्रायव्हरच कसा?”

या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर होतं: कारण रस्त्यावर तोच हाताला लागला. निष्काळजीपणाच्या मृत्यूला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पळून जाणाऱ्याला दहा वर्षांचं पोटकलम आलं तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि इंदुरात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ते पोटकलम अजून लागू केलेलं नाही. चालकांचं म्हणणं होतं, थांबलो तर लोक मारून टाकतील. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ चालकाला जखमींना उपचार मिळवून द्यायला सांगतं, आणि जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर सूट देतं. कायद्यानेच जमाव गृहीत धरलाय. त्या रात्री चालक थांबला होता. त्याला मारण्यात गुंतलेल्या हातांनी जखमींना उचललं असतं, ११२ ला फोन केला असता, चाकामागे दगड लावला असता, तर मला ते जास्त पटलं असतं. जखमींना आता दीड लाखापर्यंत, सात दिवसांचे उपचार रोख न भरता मिळायची केंद्राची योजनाही आहे. तिचं नाव चौकात कुणी घेतलं नाही.

इंग्लंडात बाथ शहरात ९ फेब्रुवारी २०१५ ला खडीसारख्या मालाचा टिपर उतारावर सुटला आणि चौघांचा जीव गेला, त्यांत चार वर्षांची मुलगी होती. तपासात ब्रेकची दुरवस्था बाहेर आली. न्यायालयाने मालकाला आणि ब्रेक पाहणाऱ्या मिस्त्रीला मनुष्यवधासाठी तुरुंगात पाठवलं. तरुण चालक निर्दोष सुटला. तिथे ट्रकखाली जाऊन मोजलं गेलं, म्हणून हे झालं.

मी त्या मुलाला तीन गोष्टी मागायला सांगितल्या: यांत्रिक तपासणीच्या अहवालाची प्रत, गाडीच्या दुरुस्तीची बिलं आणि खाणीतून निघतानाची वजनपावती. फिटनेसची तारीख तर त्याने तिथेच एमपरिवहनवर गाडीचा नंबर टाकून पाहिली. ती चालू होती, म्हणून तो खचला. त्याला समजावलं की फिटनेस तपासणीच्या दिवसाची असते, ब्रेक त्यानंतर रोज झिजतो. आणि अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणापुढे नुसतं ब्रेक फेल म्हटल्याने मालक सुटत नाही; नीट निगा ठेवूनही न दिसणारा दोष होता, हे त्याने दाखवावं लागतं. वाळलेल्या धुळीखालचा तो बोल्ट कुणालाही दिसला असता.

अहवालात बोल्टचे फोटो पहिल्या पानावर लावले. दोषारोपपत्रात चालकासोबत मालकाचंही नाव आलं. स्प्रिंग बांधणारा मिस्त्री कोण, ते पोलीस अजून शोधतायत.