खाणीत फॉल्ट शोधायला गेलो आणि आधी पाईप सापडला (माझा अनुभव)

डिग्री जिओफिजिक्सची होती, पण खाणीच्या एरियात स्वतःच्या जबाबदारीवर फॉल्ट (दगडातली भेग, जिच्या दोन बाजूंचे थर एकमेकांपासून सरकलेले असतात) शोधायचं काम पहिल्यांदाच अंगावर आलं होतं. प्रॉब्लेम ऐकायला सोपा. 60 मीटर अंतरावर दोन बोअर, एकात कोळसा 31 मीटरला लागला, दुसऱ्यात 43 ला. थराचा उतार तिथे जेमतेम 4 अंश, म्हणजे एवढ्या अंतरात थर फार तर 4 मीटर खाली जायला हवा, इथे गेला 12. उरलेले 8 मीटर कोणी खाल्ले? फॉल्टने, हे सगळ्यांनाच कळत होतं. पण 60 मीटरमधे नेमका कुठे आणि कोणत्या दिशेने पळतोय हे माहीत नसेल तर गॅलरी (खाणीतला बोगदा) काढणारा समोर अचानक दगडाची भिंत बघतो, आणि नशीब वाईट असेल तर पाणी.

आम्ही रेझिस्टिव्हिटी इमेजिंग घेतलं, म्हणजे जमिनीत करंट सोडून कुठला थर त्याला किती अडवतो यावरून खालचं चित्र काढायचं. 48 इलेक्ट्रोड (धातूच्या खुंट्या), 5 मीटरवर एक, म्हणजे 235 मीटरची लाईन, आणि एवढ्या लाईनमधे खाली 40 मीटरपर्यंत दिसलं तरी खूप. म्हणजे कोळसा बरोब्बर दिसण्याच्या काठावर. पण कोळसा दिसलाच पाहिजे असं नाही ना, फॉल्टने वरचे थरपण तोडलेले असतात, ते दिसले तरी काम होतं. लाईन अंदाजे फॉल्टला आडवी टाकायची, त्याच्या बाजूने समांतर टाकली तर दिवसभर राबून हातात काही येत नाही.

पहिला दिवस निव्वळ इलेक्ट्रोडशी भांडण्यात गेला. वरची जमीन म्हणजे टाकलेला मुरूम, कोरडा ठणठणीत, करंट आतच जाईना. प्रत्येक खुंटीजवळ मिठाचं पाणी ओतत फिरलो, काही ठिकाणी तर दोन-दोन खुंट्या ठोकून वायरने जोडल्या, आणि कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स (खुंटी आणि जमीन यांच्यामधला अडथळा) खाली आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. त्यात शेजारचा पंप चालू झाला की रीडिंग नाचायचे, मग पंप बंद असताना रीडिंग घ्यायचं ठरलं.

तीन समांतर लाईन केल्या. सेक्शन (जमिनीचा उभा छेद) स्क्रीनवर आला आणि मधोमध उभा निळा पट्टा, तिन्हीत! निळा म्हणजे कमी रेझिस्टिव्हिटी, फॉल्टमधला दगड चुरा होऊन चिकणमाती झालेली असते, त्यात पाणी साचतं, म्हणून तसा पट्टा येतो हे पुस्तकात वाचलेलंच होतं. तिन्ही ठिकाणं नकाशावर जोडली तर पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ. मी खुशीत सरांना दाखवलं. ते बघत बसले आणि म्हणाले, "एवढा सरळ फॉल्ट मी तरी अजून बघितला नाही. मॅग्नेटोमीटर घेऊन एक चक्कर मारून या."

खरं सांगतो, मला राग आला होता. मॅग्नेटोमीटर चुंबकीय क्षेत्र मोजतो, अंगावरचं लोखंडही त्याला कळतं, म्हणून बेल्ट, किल्ल्या, मोबाईल सगळं गाडीत ठेवून दर 2 मीटरला रीडिंग घेत गेलो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जगात जागेनुसार साधारण 25 हजार ते 65 हजार नॅनोटेस्ला असतं, आणि वाळूखडक-शेलमधल्या फॉल्टने त्यात दोनचार नॅनोटेस्लाचा फरक पडला तर पडला. माझ्या निळ्या पट्ट्यावर आकडा 600 ने उडाला आणि पुढच्या दोन पावलांत धाडकन खाली. लोखंड! टिकावाने दीड मीटर उकरलं तर गंजलेला पाण्याचा पाईप, कोणत्याच नकाशात नसलेला. करंट पाईपमधून सुखाने पळत होता आणि सॉफ्टवेअरने त्याचा ठसा खालपर्यंत ओढून छान फॉल्ट रंगवला होता. (सॉफ्टवेअर कधीच "मला माहीत नाही" म्हणत नाही, ते कायम काहीतरी रंगीत देतं.)

मग पाईपजवळचे रीडिंग काढून टाकून डेटा पुन्हा चालवला, दोन्ही बोअरचे थर शेजारी ठेवून. आता लक्ष गेलं वरच्या वाळूखडकाकडे, जो आधी निळ्याच्या नादात मी बघितलाच नव्हता. एका बाजूला त्याचा तळ 15 मीटरला, आणि पाईपपासून 20-22 मीटर पुढे तोच तळ एकदम 23 च्या आसपास. पायरी. तिन्ही लाईनवर पायरी होती आणि ती जोडल्यावर रेघ जराशी वाकडी, एका टोकाला तिरकी होत गेलेली. त्या पायरीवर निळा पट्टा वगैरे काही नव्हता, नुसता रंग थोडा फिका.

फॉल्ट खोल बाजूकडे झुकलेला धरून कोळशाच्या लेव्हलला तो कुठे येईल तो हिशोब केला आणि तिथे तिसरा बोअर मागितला. बोअर झाला आणि सकाळी फोन, जरा तिरकस आवाजात, "साहेब, तुमच्या जागेत तर कोळसाच नाही." मी धावत कोअरच्या (बोअरमधून काढलेल्या दगडाच्या नळकांड्यांच्या) पेट्या बघायला गेलो. 36 मीटरपर्यंत सीमच्या (कोळशाच्या थराच्या) वरचा दगड, मग वीतभर राखाडी चिखल, त्यातले दगडाचे तुकडे आरशासारखे गुळगुळीत आणि त्यावर ओरखडे, आणि त्याखाली सरळ सीमच्या तळाचा दगड. नॉर्मल फॉल्टमधे (ज्यात फॉल्टच्या वर टेकलेली बाजू खाली घसरते) थराचे दोन तुकडे एकमेकांपासून बाजूला सरकतात आणि मधे अशी पट्टी राहते जिथे सरळ खाली गेलात तर थर लागतच नाही. आम्ही बरोब्बर त्या पट्टीत घुसलो होतो. ड्रिलरला हे समजावून सांगायला मला कागदावर चार वेळा चित्र काढावं लागलं आणि पाचव्यांदा त्यानेच काढून दाखवलं.