चहाच्या रंगाचे पाणी

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर सत्तर लिटरची काचेची टाकी आमच्या पुण्याच्या घरात वर्षभर रिकामी होती. तिच्यात सह्याद्रीतल्याच पाणवनस्पती लावायच्या हे पहिल्यापासून ठरले होते. घोडे अडले होते ते टाकीत मांडायच्या लाकडापाशी.

ते मिळाले मे महिन्यात, कोकणात. पुराबरोबर वाहून येऊन नदीकाठच्या खडकांत अडकलेले हातभर लांबीचे मूळ होते. साल केव्हाच झडलेली आणि टणक गाभा तेवढा उरलेला. खाडीतल्या लाकडात मीठ मुरलेले असते, म्हणून मी मुद्दाम नदीच्या वरच्या अंगाला शोधले होते. घरातल्या सर्वांत मोठ्या पातेल्यातही ते मावेना, तेव्हा आधी एक टोक आणि मग दुसरे असे तासतासभर उकळले. ते पातेले पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचे नाही, हे आईने त्याच दिवशी जाहीर केले. नंतरचे पाच आठवडे मूळ बादलीत होते. रोज सकाळी पाणी बदलावे आणि संध्याकाळी ते कोऱ्या चहासारखे दिसावे, असे चालले होते. हा रंग टॅनिनचा. त्याने पाणी किंचित आम्लधर्मी होते, माशांना मात्र अपाय होत नाही.

एवढे भिजूनही ते तरंगतच होते. घरात पडलेल्या कडप्प्याच्या तुकड्याला ते बांधायला निघालो होतो, पण कडप्पा म्हणजे चुनखडकच. व्हिनेगरचे चार थेंब टाकताच त्यावर बारीक बुडबुडे आले, आणि असा दगड आम्लधर्मी पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड करतो. शेवटी काळा पाषाण घेतला. त्याच्याही पोकळ्यांत कधी कॅल्साइटचे पांढरे खडे असतात, तेव्हा तो नीट पाहून मगच तंगुसाने मुळाला आवळला.

तळाला इंचभर लाल माती आणि वर तेवढीच जाड धुतलेली वाळू घातली. मागे व्हॅलिस्नेरिया, कडेला हायड्रिला आणि लाकडाच्या सावलीत क्रिप्टोकोरायनी रेट्रोस्पायरॅलिस लावली. ही शेवटची वनस्पती पश्चिम घाटातल्या नद्यांच्या खडकाळ पात्रात वाढते. पावसाळाभर पुराखाली राहते आणि पाणी ओसरले की फुलते. मी ती नदीतून उपटून आणली नाही, एका हौशी मित्राच्या टाकीतली फुटवा आलेली रोपे घेतली. कास पठारावरचा वायतुरा टाकीत हवा असे मलाही वाटते, पण अशी मोजक्या जागी उरलेली वनस्पती केवळ ‘आपली’ आहे म्हणून घरी आणणे मला मान्य नाही.

लावल्यावर आठवड्याच्या आत क्रिप्टोकोरायनीची पाने काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. जागा बदलली की ती असेच करते हे ठाऊक असूनही हात शिवशिवत होते. मुळे हलवली नाहीत, आणि तिसऱ्या आठवड्यात सुईएवढे तपकिरी पान वर आले. त्याच सुमारास लाकडावर पांढरट, बुळबुळीत साय धरली होती. ती बुरशी-जिवाणूंची असते आणि आपोआप ओसरते. मी जुन्या दातब्रशाने दोनदा घासली, ते खरे तर माझ्या समाधानासाठी.

एप्रिलमध्ये पाणी तीस अंशांवर गेले तरी यातले काहीही कोमेजले नाही. उलट व्हॅलिस्नेरियाला फूल आले. स्प्रिंगसारख्या वेटोळ्या देठावर मादी फूल पृष्ठभागापर्यंत चढते. नर फुले तळाशी सुटून टाचणीच्या टोकाएवढी वर तरंगत येतात आणि तिला जाऊन चिकटतात. टाकीत मात्र सगळी झाडे एकाच रोपाची पिल्ले, म्हणजे सगळ्या माद्याच होत्या.

मासे अगदी शेवटी, दोन महिन्यांनी आले: चार पट्टेरी पँचॅक्स. हा मासा उडी मारतो, म्हणून आधी झाकण करून घेतले. ते दिवसभर लाकडाच्या वर, पृष्ठभागाला पाठ लावून निश्चल राहतात, आणि खोली अंधारली की त्या तांबूस पाण्यात त्यांच्या डोक्यावरचा चंदेरी ठिपका तेवढा दिसतो.